पहिली कादंबरी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या दिवाळीनंतर या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी इतकी पत्रे पहिल्या कादंबरीविषयी आहेत, की या महिन्यात दुसरा कोणताही विषय घेतलेला नाही. पत्रे बहुतेक जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून आली आहेत आणि काहींनी हस्तलिखिताची पानेही सोबत जोडली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली आहेत व पत्रे थोडक्यात दिली आहेत. उत्तरे देताना व्याकरणाच्या किंवा समीक्षेच्या पुस्तकापेक्षा माझ्या स्वतःच्या पहिल्या कादंबरीच्या लेखनातून जे हाती लागले, त्याचाच आधार मी अधिक घेतला आहे; त्यामुळे काही उत्तरे एकांगी वाटली तर वाचकांनी ती तशीच समजावीत.

प्रश्न : आदरणीय ताई, मी अमळनेर तालुक्यातील निवृत्त मुख्याध्यापक आहे. १९७२ च्या दुष्काळावर कादंबरी लिहावयास घेतली आहे. तीन प्रकरणे झाली. परंतु चौथे सुरू करण्यापूर्वी पहिले वाचतो, त्यात दोष दिसतात, ते दुरुस्त करतो आणि पुन्हा तिसऱ्यापाशीच येऊन थांबतो. पाया पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नये असे माझे मत आहे. ते योग्य आहे काय?

उत्तर : सर, आपले मत घर बांधण्याच्या बाबतीत योग्य आहे. कादंबरीचे पहिले प्रकरण मात्र बहुधा सर्वांत शेवटी पक्के होते, कारण कादंबरी कशाविषयी आहे हे लिहिणाऱ्याला शेवटचे प्रकरण लिहून झाल्यावरच नीट कळते. माझ्या कादंबरीत शेतीच्या वाटणीवरून भांडणाऱ्या दोन भावांची गोष्ट सांगायची असे मी ठरवले होते आणि त्यांची धाकटी बहीण केवळ चहा घेऊन येण्यापुरती आत-बाहेर करीत होती. शेवटाकडे आल्यावर ध्यानात आले, की भाऊ काय बोलले हे दोघेही विसरले आहेत आणि जिच्यापाशी शब्दन् शब्द शिल्लक आहे अशी ती एकटीच आहे. त्यानंतर पहिले प्रकरण तिच्या नजरेने लिहिले गेले. ते आधीच घासूनपुसून तयार करून ठेवले असते, तर त्याचा मोह पडून बहीण दाराआडच राहिली असती.

म्हणून माझी विनंती अशी, की पहिली तीन प्रकरणे एखाद्या पिशवीत घालून कपाटावर ठेवावीत आणि चौथे सुरू करावे. पुढे लिहिताना मागे काही बदलावेसे वाटले, तर हस्तलिखिताला हात न लावता वेगळ्या वहीत एक ओळ लिहून ठेवावी : "आजोबांना पहिल्यापासून कमी ऐकू येते असे करणे." इतके पुरे. पुढच्या पानापासून आजोबांना कमी ऐकू येऊ द्यावे, मागचे मागून पाहता येईल. आयुष्यभर वह्या तपासलेल्या माणसाला हे जड जाईल याची मला कल्पना आहे.

आपण जोडलेल्या पानांतील एक जागा दाखवल्याशिवाय राहवत नाही. खडी फोडण्याच्या कामावरचा मजूर १९७२ साली म्हणतो, "नंदुरबार जिल्ह्यात रोहयोची कामे निघाली आहेत." नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला, त्यापूर्वी तो भाग धुळे जिल्ह्यात होता. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. बहात्तरच्या कामावरचा माणूस 'दुष्काळी काम' म्हणणार, मस्टरवरच्या अंगठ्याविषयी बोलणार, सुकडी या पूरक आहाराविषयी आणि लाल मिलो या परदेशी ज्वारीविषयी बोलणार. ही केवळ तपशिलाची चूक असती तर मी तिचा उल्लेखही केला नसता, कारण तपशील कोणीही दुरुस्त करू शकतो. तिच्या मागे मोठा प्रश्न आहे : ही गोष्ट कोण सांगतो आहे आणि कोणत्या वर्षी उभे राहून सांगतो आहे? आज साठी ओलांडलेला माणूस बालपण आठवत असेल, तर तो निवेदनात खुशाल "आताचे मुक्ताईनगर" म्हणू शकेल. गोष्ट बहात्तरच्याच उन्हात घडत असेल, तर त्या गावाला एदलाबादच म्हणावे लागेल. आपल्या पानांत दोन्ही प्रकार आलटून पालटून येतात आणि चौथे प्रकरण अडते आहे त्याचे कारण मला तरी तेथेच दिसते. सांगणारा ठरला, की त्याला पुढे काय सांगायचे ते बरेचसे आपोआप ठरते.

प्रश्न : मी रावेर तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी आहे. तीन पिढ्यांची केळीची शेती हा माझ्या कादंबरीचा विषय आहे. मित्राला वाचावयास दिली, तर तो म्हणाला, "भाऊ, हे कृषी विभागाचे माहितीपत्रक वाटते." जे मला खरोखर माहीत आहे, तेच मी लिहिले आहे. मग चुकले कोठे?

उत्तर : आपल्या मित्राची भाषा कठोर आहे; पण पाने वाचल्यावर त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. त्याच वेळी आपल्यापाशी असलेले ज्ञान हे शहरात बसून गावाविषयी लिहिणाऱ्या अनेकांना हेवा वाटावा असे आहे, हेही सांगितले पाहिजे. अडचण ज्ञानाची नाही. ते ज्ञान आपण लेखक म्हणून थेट वाचकाला सांगता, आणि तेव्हा आपली माणसे बाजूला उभी राहून ऐकत असतात.

आपलेच एक वाक्य घेऊ : "सत्तरच्या दशकात सावदा, निंभोरा व रावेर या स्थानकांवरून केळी रेल्वेच्या वॅगनने दिल्लीस रवाना होत असे. लागवडीचे मृगबाग व कांदेबाग असे दोन हंगाम असून कापलेला घड फार काळ ठेवता येत नसल्यामुळे वॅगन वेळेवर मिळणे अत्यंत महत्त्वाचे असे." यात एकही गोष्ट खोटी नाही. आता याच कादंबरीत पुढे एक दहा वर्षांची मुलगी येते, तिचा बाप स्थानकावर माल भरायला जातो, आणि एका ठिकाणी आपण ओझरते लिहिले आहे, की केळीच्या चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत. हा डाग आपण दोन ओळींत संपवला याचे मला वाईट वाटले. समजा, तेच आपण असे लिहिले :

"बाप स्टेशनावरून आला, की आई त्याचा सदरा वेगळ्या घमेल्यात भिजवी. चिकाचे डाग निघणार नाहीत हे तिला ठाऊक होते, तरी भिजवी. त्या दिवशी बाप लवकर आला. आईने सदरा हातात घेतला, उलटा केला, बाह्या पाहिल्या. सदरा स्वच्छ होता. 'वॅगन लागलीच नाही का?' तिने विचारले. बापाने उत्तर दिले नाही. तो ओट्यावर जाऊन बसला आणि कधी नव्हे तो मला म्हणाला, 'पाणी आण गं बाई.' रात्री आईने घमेले पालथे घातले."

येथे दिल्ली नाही, दशक नाही, हंगाम नाहीत. परंतु कापलेला माल फलाटावर पडून आहे, उद्या तो आणखी पिकणार आहे आणि घरात पैसे येणार नाहीत, एवढे सगळे वाचकाला समजते. ते मुलीलाही नुकतेच समजू लागले आहे, आणि वाचक तिच्याबरोबर समजून घेतो. मृगबाग आणि कांदेबाग यांची माहिती काढून टाका असे मी म्हणत नाही. दोन भावांपैकी एक जूनमध्ये लावायची म्हणतो आणि दुसरा ऑक्टोबरपर्यंत थांबू म्हणतो, त्यावरून घरात चार दिवस अबोला राहतो, अशा जागी ती माहिती आली तर रावेरच्या वाचकाला ती ओळखीची वाटेल आणि रत्नागिरीच्या वाचकाला ती शिकवल्यासारखी वाटणार नाही.

माहितीविषयी मी स्वतःपुरता एक नियम केला होता : ती कोणा पात्राच्या फायद्याची, भीतीची किंवा भांडणाची असेल तरच कादंबरीत यावी. या नियमाने माझ्या वहीतली बरीचशी टिपणे वहीतच राहिली. ती वाया गेली असे मला वाटत नाही. लिहिताना हात कापत नाही, तो या न वापरलेल्या टिपणांमुळेच. जुन्या काळाचे काही शोधायचे असेल, तर १८८० साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश खंड आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांचा उपयोग अवश्य करावा; मात्र तेथून आलेला तपशील त्या मुलीच्या किंवा तिच्या बापाच्या हाताखालून गेल्याशिवाय पानावर येऊ देऊ नये. अजून एक : तिसऱ्या प्रकरणात १९७४ साली आजोबा ऊतिसंवर्धित, म्हणजे टिश्यू कल्चरची, रोपे लावताना दिसतात. ती रोपे आपल्या भागात पुष्कळ नंतर आली हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे. आजोबांच्या हातात कंद द्यावा.

प्रश्न : मी धुळ्यात एम. ए. करते. माझ्या घरी अहिराणी बोलतात. कादंबरी अहिराणीत लिहावी, की प्रमाण मराठीत लिहून फक्त संवाद अहिराणीत ठेवावेत? मार्गदर्शक म्हणतात, संवादही मराठीत ठेवा, नाहीतर पुण्या-मुंबईचा वाचक पुस्तक मिटून ठेवील.

उत्तर : पुण्या-मुंबईच्या वाचकाची एवढी काळजी करण्याचे कारण नाही. मराठी वाचकाने गेल्या पन्नास-साठ वर्षांत कोकणापासून विदर्भापर्यंतच्या बोली कादंबरीत वाचल्या आहेत आणि त्या वाचण्याची त्याला सवय आहे. दोन-चार पाने अडखळून तो पुढे सरावतो. त्याला अडवते ती बोली नव्हे. कंसातील अर्थ आणि तळटीपा त्याला अडवतात, कारण त्या दर ओळीला त्याचा हात धरून बाहेर नेतात.

आपल्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा निवेदकापाशीच शोधावे लागेल. निवेदन करणारी व्यक्ती मनातल्या मनात अहिराणीत विचार करीत असेल, तर संपूर्ण कादंबरी अहिराणीत लिहिण्याला कोणाचीही हरकत असू नये, आणि ते धैर्य आपल्यात असेल तर मला आनंदच होईल. निवेदिका आपल्यासारखी असेल, म्हणजे घरी अहिराणी, महाविद्यालयात मराठी आणि मुलाखतीला आणखी काही, तर त्या तिन्ही भाषा कादंबरीत आल्या पाहिजेत; कोण कोणाशी कशात बोलतो यातच तुमच्या कथेचा अर्धा ताण आहे. आपण पाठवलेल्या प्रकरणात पुण्याला नोकरीला लागलेला मुलगा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी येतो. अंगणात बहिणींचा झोका बांधला आहे, आई चुलीवर खापर ठेवून मांडे करते आहे, आणि शेजारचा म्हातारा ओट्यावरून हाक देतो, "काय करी राह्यना भो?" त्यावर मुलगा म्हणतो, "काही नाही काका, बसलोय." आपण हे सहज लिहून गेला आहात, पण पुढच्याच वाक्यात आईचा उलथण्याचा हात थांबतो, ही आपली खरी पकड आहे. त्यानंतर "तिला वाटले, मुलगा आपल्यापासून दूर गेला" हे जे वाक्य आपण घातले आहे, ते मात्र काढून टाकावे. हात थांबला, एवढे पुरे आहे.

दोन व्यावहारिक सूचना. पहिली, अहिराणीचे लेखन एकसारखे ठेवावे. एका पानावर 'व्हता' आणि दुसऱ्यावर 'होता' असे झाले, की मुद्रितशोधक बिचारा आपल्या समजुतीने सगळेच 'होता' करून टाकतो. वहीत क्रियापदांची यादी करून ठेवावी आणि ती हस्तलिखितासोबत प्रकाशकाकडे पाठवावी. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. आपली नायिका लग्न होऊन यावल तालुक्यात जाते आणि तेथील सासूही आपण हुबेहूब अहिराणीत बोलताना दाखवली आहे. रावेर-यावल पट्ट्यातील लेवा कुटुंबातील सासू अशी बोलणार नाही. तिच्या लेवा गणबोलीत, अहिराणीत 'आहे'साठी येणारा 'शे' नाही. खानदेशाबाहेरचा वाचक हे कदाचित ओळखणार नाही. पण सासरी पहिल्या आठवड्यात सुनेचे बोलणे ऐकून घरातले हसतात, हा प्रसंग आपल्या हातून निसटला, ते नुकसान वाचकाचे नसून कादंबरीचे आहे.

प्रश्न : भुसावळ येथे रेल्वेत नोकरीस आहे. पाळ्यांची ड्यूटी असल्याने लिहिणे तुटक होते. 'कोसला' काही दिवसांत लिहून झाली म्हणतात, साने गुरुजींनी 'श्यामची आई' तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. माझी कादंबरी मात्र वर्षानुवर्षे रेंगाळली आहे. मी हे सोडून द्यावे का?

उत्तर : सोडू नये. खानदेशात कादंबरी लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला ही दोन उदाहरणे कोणीतरी ऐकवतेच. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते पुस्तक लिहिले हे खरे आहे. परंतु आईच्या त्या आठवणी त्यांच्या मनात किती वर्षे घोळत होत्या आणि अमळनेरला छात्रालयातल्या मुलांशी बोलण्यात त्यांची किती वर्षे गेली होती, हे त्या पाच दिवसांत धरले जात नाही. 'कोसला' १९६३ साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते आणि सांगवीपासून पुण्यापर्यंतचे जे जगणे त्या पुस्तकात आले, ते सगळे त्यांच्या अगदी जवळचे होते. शिवाय दोन्हीकडे सांगणाऱ्याचा आवाज पहिल्या ओळीपासून ठाम आहे. आवाज सापडला की वेग येतो. वेगाने लिहिले म्हणून आवाज सापडत नाही.

पाळ्यांच्या नोकरीत रोज ठरावीक वेळी बसणे आपल्याला शक्य नाही, तेव्हा तो नादच सोडावा. त्याऐवजी उठताना प्रसंग संपवून उठू नये. माणूस दारापर्यंत आला आहे, कडी वाजवायची आहे, तेथे थांबावे. रात्रपाळी करून चार दिवसांनी वही उघडली, तरी कडी वाजवण्यापासून सुरुवात करता येते आणि "आता काय लिहू" या प्रश्नात अर्धा तास जात नाही.

प्रश्न : मी चाळीसगावचा, वय छत्तीस. माझी कादंबरी एका विवाहितेच्या तोंडून सांगितली आहे. पुरुषाने स्त्रीच्या 'मी'मध्ये लिहिणे आजच्या काळात योग्य दिसेल का?

उत्तर : मराठीत हा प्रश्न फार पूर्वीच विचारून झाला आहे. हरि नारायण आपटे यांनी 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध केलेल्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीची निवेदिका यमूच आहे, आणि ती कादंबरी आजही वाचली जाते. तेव्हा परवानगीचा मुद्दा बाजूला ठेवू. आपल्या निवेदिकेविषयी माझी तक्रार वेगळी आहे : लग्नानंतर पहिल्यांदा सासरच्या घरात पाऊल टाकल्यावर ती सागवानी तुळया, दिवाणखान्यातील तसबिरी आणि सासऱ्यांची करारी मुद्रा पाहते. हे सगळे आपण पाहिले आहे. नव्या सुनेची नजर आधी न्हाणीघर कोणीकडे आहे, पाणी कोठून आणायचे, झोपायच्या खोलीला आतून कडी आहे की नाही, आणि आपल्याकडे बघून कोण हसले, कोण हसले नाही, इकडे जाईल. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना त्यांचा सासरचा पहिला दिवस विचारावा आणि मध्ये न बोलता ऐकावे.

प्रश्न : शहाद्याहून लिहिते आहे. माझ्या कादंबरीतील जाऊबाई वाचून माझ्या नणंदेने ओळखले की ही कोण. अजून पुस्तक झालेले नाही, केवळ एका मासिकात एक प्रकरण आले आहे. घरात बोलणे बंद आहे. यजमान म्हणतात, ते पात्रच काढून टाक. काढू का?

उत्तर : ताई, आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण या प्रश्नाला लेखनाची बाजू आहे तशी घराचीही आहे, आणि घराच्या बाजूवर सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. लेखनाच्या बाजूने जे दिसते ते सांगते.

आपल्या कादंबरीतील जाऊबाई मी वाचली. तिचा तीळ, तिच्या नथीचा आकार, कानबाईच्या सणाला रोटांच्या वेळी तिने पुरणावरून केलेला तमाशा, माहेराहून आलेले पितळी हंडे, हे सगळे आपण जसेच्या तसे ठेवले आहे. मात्र ती असे का वागते, याविषयी संपूर्ण प्रकरणात एक वाक्यही नाही. म्हणजे बाहेरून ती पूर्ण खरी आहे आणि आतून रिकामी आहे. नणंदेने ओळखले याचे मला फारसे काही वाटत नाही. ज्याला ओळखायचे असते तो नावे, गावे, नथी बदलल्या तरी ओळखतोच. आपण त्या बाईच्या विरुद्ध साक्ष दिल्यासारखे लिहिले आहे, हे मला अधिक खटकते. पहिल्या कादंबरीत जुन्या हिशोबांची वसुली करण्याचा मोह बहुतेकांना होतो, आणि तो मोह वाचकाला लगेच कळतो, कारण त्या पानांवर लेखक एकटाच शहाणा दिसतो.

पात्र काढू नये. एक प्रकरण केवळ तिच्या बाजूने लिहून पाहावे, छापण्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. रोटांच्या दिवशी पहाटे उठून दळण, पुरण, न्हाणे, पाहुणे करताना तिच्या डोक्यात काय चालले होते? माहेरचे हंडे ती का मिरवते, तिच्याजवळ मिरवायला दुसरे काय उरले आहे? हे प्रामाणिकपणे लिहिले, तर तीळ आणि नथ आपोआप बदलतील, कारण आतून निराळी झालेली बाई बाहेरून तशीच राहत नाही. प्रत्यक्ष व्यक्तीची ओळख पटून तिची बदनामी होईल असा मजकूर पुस्तकात गेला, तर प्रश्न नात्यापुरता राहत नाही, कायद्याचाही होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. आणि पुस्तक छापून येण्यापूर्वी नणंदेला हस्तलिखित वाचावयास द्यावे की नाही, हे आपणच ठरवावे. मी माझ्या घरी दिले नव्हते.

प्रश्न : कादंबरी पूर्ण झाली. हस्तलिखित सातशे पानांचे आहे. निम्मे करा असे सगळे सांगतात, पण काय कापायचे ते कोणी सांगत नाही. (पारोळा)

उत्तर : निम्मे करा हा सल्ला देणाऱ्याने बहुधा निम्मेच वाचलेले असते. आधी एक महिना हस्तलिखित डोळ्यांआड ठेवावे. नंतर प्रत्येक प्रकरणासमोर दोन ओळी लिहाव्यात : या प्रकरणानंतर कोणाचे काय बदलले, आणि ते कोणी पाहिले. पहिल्या ओळीत लिहायला काही सापडले नाही, तर ते प्रकरण कितीही सुंदर असो, उचलावे. दुसऱ्या ओळीत "लेखकाने" असे उत्तर आले, तर ते प्रकरण पुन्हा लिहावे. पावसाची, तापीच्या पुराची, जत्रेची आणि आजीच्या हातच्या कळण्याच्या भाकरीची वर्णने या कसोटीवर सर्वांत आधी पडतात. आपल्या हस्तलिखितात सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची बावीस पाने आहेत आणि त्यात नायक घोडा विकतही नाही, घेतही नाही. कापलेली पाने फाडू नयेत. त्यांतील काही पुढे कथा म्हणून उभी राहतात.

आणखी एक सवय लावून घ्यावी : संवाद मोठ्याने वाचावेत. डोळ्यांना जे चालते ते कानाला चालत नाही. जेथे वाचताना स्वतःलाच लाज वाटेल, तेथे पात्राऐवजी आपण बोलत आहोत असे खुशाल समजावे.

प्रश्न : प्रकाशक पुस्तक काढायला तयार आहेत, पण मी खर्चाचा वाटा उचलावा आणि तीनशे प्रती स्वतः विकत घ्याव्यात असे म्हणतात. असेच असते का? (चोपडा)

उत्तर : अनेक ठिकाणी असेच असते, पण सर्वत्र नसते. पैसे देऊन पुस्तक काढण्यात पाप नाही, मात्र मग ते लेखी असावे : किती प्रती छापणार, किती प्रती आपल्याला मिळणार, मानधनाचा दर काय, हिशोब वर्षातून केव्हा मिळणार आणि पुढच्या आवृत्तीचा व भाषांतराचा हक्क कोणाकडे राहणार. स्वामित्वहक्क कायमचा लिहून देण्याची अट असेल, तर सही करू नये. आपल्या कायद्याप्रमाणे तो हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो, म्हणजे आपण नातवंडांच्या वतीनेही सही करीत असता. आयएसबीएन क्रमांकासाठी वेगळे पैसे मागितले, तर कारण विचारावे, कारण भारतात हा क्रमांक शासकीय यंत्रणेकडून विनाशुल्क मिळतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे; तिची जाहिरात निघाली की अटी नीट वाचून हस्तलिखित पाठवावे. निर्णयास वेळ लागतो, तेव्हा तोपर्यंत तीनशे प्रतींचा धनादेश देण्याची घाई करू नये.